आंबटाण, करपटाण आणि मी खोडलेला परिच्छेद

टी.वाय.च्या वर्षी मी ‘सहमत’ या शब्दाचा इतका तिरस्कार केला, की अजूनही कुणी सभेत तो उच्चारला की माझं डोकं फिरतं.

समाजशास्त्राला संशोधन पद्धतीचा पेपर होता. कॉलेज घाटकोपरला, आठवड्याला दोन तास वर्गात, बाकी सगळं पोर्टलवर. सरांनी व्हिडिओ करून ठेवले होते. त्यात ते स्वतःचीच पीपीटी मोठ्याने वाचायचे, जणू आम्हाला वाचता येत नाही. व्हिडिओ संपला की पाच प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. उत्तर बरोबर आलं की त्या घटकासमोर हिरवी टिक. चुकलं की ‘पुन्हा प्रयत्न करा’. पुन्हा पुन्हा दाबत राहिलं की टिक यायचीच, कारण चारच पर्याय होते. मालाडहून येणारा माझा एक मित्र व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून आंघोळीला जायचा. “सर बोलतायत, मी साबण लावतोय, ज्ञाननिर्मिती चालू आहे,” असं तो म्हणायचा.

ज्ञाननिर्मिती हा शब्द त्याचा नव्हता. पोर्टलच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘विद्यार्थी स्वतः ज्ञाननिर्मिती करतील’. त्यासाठी चर्चामंच ठेवला होता. सर दर आठवड्याला एक प्रश्न टाकणार, प्रत्येकाने एक नोंद लिहायची आणि दुसऱ्यांच्या दोन नोंदींना उत्तर द्यायचं. एक आणि दोन झाले की टिक. रविवारी संध्याकाळी मुदत संपायची आणि रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सगळ्या उपनगरांतून एकच वाक्य यायला लागायचं. ‘छान मांडलंस, सहमत.’ ‘खूप छान मुद्दा, सहमत.’ एकदा एका मुलीने चुकून तिथेच लिहिलं, ‘सर, लिंक उघडत नाहीये.’ त्याखाली दोघांनी लिहिलं होतं, ‘छान मांडलंस, सहमत.’ दोघांनाही टिक मिळाली.

माझा संताप व्हायचा. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा भांडुपच्या कारखान्यात होते, युनियनमध्ये होते, आणि आमच्या मुलुंडच्या खोलीत पलंगाखाली धान्याच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मला अक्षरओळख झाली ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’वर. चौथीत असताना मी पत्रकाच्या घड्या घालायचे, आठवीत मजकूर उतरवून घ्यायचे, अकरावीत मीच लिहायला लागले. बाबांचं एकच सांगणं असायचं, “शेवटच्या माणसाला कळेल असं लिही.” मला वाटायचं, मी तसंच लिहिते.

चर्चामंचावर मी एका आठवड्यात सरांच्या पद्धतीवरच दोन पानं लिहिली. ही ज्ञाननिर्मिती नाही, हजेरी आहे. टिक हे शिक्षण नव्हे. जिथे कुणी कुणाशी भांडत नाही तिथे कुणी काही शिकत नाही, असं सगळं. तीन जणांनी उत्तर दिलं, ‘सहमत’. सरांनीही दिलं, ‘सक्रिय सहभागाबद्दल अभिनंदन!’ आणि मला पैकीच्या पैकी गुण. माझ्या बंडालाही हिरवी टिक लागली होती. बाबांना सांगितलं तर ते हसत सुटले. मला हसू आलं नाही.

आमच्या वर्गात एक ताई होती. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून सगळ्यांचीच ताई. कांजूरमार्ग पूर्वेला राहायची. नवरा, दोन मुली, मालवणकडच्या सासूबाई. तिथल्याच एका बालवाडीत ती मदतनीस होती. तिथल्या शिक्षिका वर्षअखेरीला निवृत्त होणार होत्या आणि बालवाडीच्या बाईंनी ताईला सांगितलं होतं, निकालात पदवी दिसली तर जागा तुझी, नाहीतर बाहेरून कुणी आणावी लागेल. ताई ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी सांगायची, आणि दरवेळी हळू आवाजात, कुणी ऐकून ती जागा पळवेल अशा बेताने.

ताईच्या फोनवर पोर्टल धड चालायचं नाही. ती मालाडवाल्याकडून व्हिडिओ फोनमध्ये भरून घ्यायची, घरी दोन-दोनदा बघायची आणि बालवाडीतल्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर टिपणं काढायची. समोर हत्ती, मागे ‘गृहीतक म्हणजे काय’. मी ते तक्ते पाहिलेत. वर्गात त्या व्हिडिओतलं एखादं वाक्य खरोखर ऐकलेली ती एकटीच असावी. पण पोर्टलवर तिच्या नावासमोर लाल अक्षरांत होतं, ‘निष्क्रिय’. पहिल्या सहामाहीचे अंतर्गत गुण जवळजवळ शून्य.

मी तिला घेऊन स्टाफरूममध्ये गेले. तक्ते टेबलावर पसरले.

“छान आहे,” सर म्हणाले. “पण सिस्टिममध्ये दिसत नाही ना.”

“सर, समोर दिसतंय. हत्तीच्या मागे बघा.”

“समोर दिसून काय करू? सिस्टिममध्ये दिसलं पाहिजे.”

“म्हणजे सिस्टिममध्ये दिसत नाही तो माणूसच नाही का?” मी एवढ्या जोरात म्हणाले, की शेजारच्या टेबलावर डबा खाणारे दोन सर थांबले. ताई माझा कोपर ओढत होती, “चल गं, चल, जाऊ दे.” मला वाटलं ती घाबरली. ती जागेचा हिशोब करत होती. सरांशी वैर तिला परवडणारं नव्हतं, मला होतं.

दुसऱ्या सहामाहीत सर प्रशिक्षणाला गेले. ऑनलाइन अध्यापनाच्याच. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर एक मॅडम आल्या. त्यांनी व्हिडिओंकडे ढुंकून पाहिलं नाही. तिघातिघांचे गट केले आणि प्रत्येक गटाला पोर्टलवरच एक कोरं पान उघडून दिलं. तिघांनाही एकाच वेळी लिहिता येईल असं.

“आपल्या आसपासचा एक प्रश्न घ्या,” मॅडम म्हणाल्या. “आधी पुस्तक उघडू नका. तुम्हाला आत्ता काय माहीत आहे ते लिहा, मग शोधा. मी उत्तर देणार नाही. समासात प्रश्न विचारीन. कुणी काय लिहिलं ते पानाच्या इतिहासात दिसतं, गुण त्यावर.”

मला वाटलं, अखेर माझी मॅडम आली. आमच्या गटात मी, मालाडवाला आणि ताई. विषय मीच ठरवला, डंपिंग. आमच्याकडे कचऱ्याच्या त्या डोंगराला सगळे डंपिंगच म्हणतात. ताईच्या घराच्या गॅलरीतून तो दिसतो. वारा फिरला की मुलुंडपर्यंत त्याचा वास येतो.

ते साधं पान ताईच्या फोनवर कसंबसं उघडलं, आणि तिने दोन दिवसांत एका बोटाने टाइप करून चौदा ओळी लिहिल्या. त्या मला आता पाठ आहेत, तेव्हा मात्र मी त्या नीट वाचल्याही नव्हत्या. ‘सकाळी सहा-साडेसहाला आंबटाण येते. तेव्हा कपडे बाहेर टाकत नाही. ऊन चढलं की आंबटाण बसते मग कुबटाण राहते. तिचं काही नाही ती कपाटात पण असते. करपटाण आली की पोरांना बालवाडीत आत घेतो आणि खिडक्या लावतो कारण दोन पोरं खोकतात. करपटाण कधी येईल सांगता येत नाही. सासूबाईंना आधी कळते. त्या म्हणतात नाकाला नाही घशाला कळते.’ असं पुढे आणखी.

प्रत्येक ‘-टाण’खाली लाल नागमोडी रेघ होती. पान ते शब्द ओळखत नव्हतं. मीही ओळखत नव्हते. मला फक्त विरामचिन्हं नसलेली वाक्यं दिसली आणि ताईचे गुण दिसले. असं लिहून हिला कोण पास करणार? मी चौदा ओळी निवडल्या, खोडल्या आणि तिथे लिहिलं, ‘परिसरातील नागरिक वर्षानुवर्षे असह्य दुर्गंधीच्या विळख्यात जगत आहेत. प्रशासनाच्या उदासीनतेमुळे सर्वसामान्यांचे आरोग्य धोक्यात आले आहे.’ लाल रेघा गेल्या. पान स्वच्छ झालं. मला फार बरं वाटलं. एखादं पत्रक लावून झाल्यावर चार पावलं मागे सरून बघावं, तसं मी ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी समासात मॅडमचा प्रश्न होता, ‘हे तुला कसं कळलं?’

मी लिहिलं, ‘हे सर्वश्रुत आहे.’

मॅडमनी लिहिलं, ‘कुणी ऐकलं? कुणाकडून?’

“ही बाई पण व्यवस्थेचीच माणूस निघाली,” मी मालाडवाल्याला म्हणाले.

“यार, साधा प्रश्न विचारलाय तिने. तुला कसं कळलं?”

“मला वास येतो.”

“मग तेवढंच लिही ना. मुलुंडला वारा फिरला की वास येतो. विळखा कशाला? विळखा अजगराचा असतो.”

“तू आंघोळीला जा.”

मग मी प्रश्नावली काढली. पहिलाच प्रश्न होता, ‘आपल्या घरात दुर्गंधीचा त्रास होतो का?’ रविवारी सकाळी मी आणि मालाडवाला ताईच्या इमारतीत गेलो. ताई येते म्हणाली होती, आली नाही. त्या आठवड्यात ती पानावरही आली नव्हती. मला वाटलं, घरचं काम असेल.

दुसऱ्या मजल्यावर पहिलं दार एका पन्नाशीच्या बाईंनी उघडलं. मी प्रश्न वाचला.

“आमच्या घरात?” त्या म्हणाल्या. “आमच्या घराला वास मारतो म्हणतेस?”

“तसं नाही काकू, परिसरात...”

“रोज दोनदा फिनेलने पुसते मी. ये, आत येऊन वास घे. ये ना!”

“काकू, ती कचऱ्याबद्दल...” मालाडवाला मध्ये पडला.

“कचरा रोज खाली देतो आम्ही. ओला वेगळा, सुका वेगळा. सोसायटीने पाठवलंय का तुम्हाला?” आणि दार बंद.

पुढच्या दाराला उत्तर मिळालं, “नाही बाबा, आमच्याकडे तसलं काही नाही.” त्याच्या पुढच्याने विचारलं, “तुम्ही कुठल्या पक्षाच्या?” एका आजोबांनी दुर्गंधी म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, घाण वास. ते म्हणाले, “संडास साफ आहेत सगळे.” बारा दारं. बाराही ‘नाही’. कचऱ्याच्या डोंगरासमोर उभ्या असलेल्या इमारतीत माझ्या प्रश्नावलीप्रमाणे कुणालाही काही त्रास नव्हता.

“वाट लागली,” मालाडवाला म्हणाला. “तुझ्या डेटाने डंपिंगला निर्दोष सोडलं.”

गॅलरीच्या टोकाला ताई कपडे वाळत घालत होती. मी तणतणतच तिच्याकडे गेले, लोकांना आपल्याच शोषणाची जाणीव कशी नाही, असं काहीतरी बोलत. ताईने चिमटा लावला, वळली आणि म्हणाली,

“माझं लिहिलेलं खोडलंस.”

“खोडलं नाही गं ताई, सुधारलं. तुझ्या गुणांसाठीच.”

“माझ्या नावावर आता किती ओळी आहेत?”

मी फोन काढून पान उघडायला लागले.

“मी बघितलं. एकही नाही. तुझ्या नावावर सगळं.” तिने दुसरा चिमटा घेतला. “सरांना केवढी ओरडली होतीस. सिस्टिममध्ये दिसत नाही तो माणूस नाही का म्हणालीस. मी दिसत होते की आता. चौदा ओळी दिसत होते.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आतून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, “गो, परत आंबटाण इली. कपडे काढ.”

आणि ताईने आत्ताच लावलेले चिमटे काढायला सुरुवात केली. तीच एकटी नाही. गॅलरीभर दारं उघडली. जिने मला फिनेलचं सांगून दार आपटलं होतं, ती काकू चादर ओढत म्हणत होती, “आज दुसऱ्यांदा आली गं ही.”

“काय आलं, काकू?” मी विचारलं.

“आंबटाण. तुला येत नाही?”

“पण मगाशी तुम्ही म्हणालात, वास नाही म्हणून.”

“घरात नाहीच म्हणाले. ही बाहेरून येते.” ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. “आणि त्रास विचारत होतीस तू. कपडे परत धुवायला लागतात, तो त्रास नाही, काम आहे.”

मी नाकाने जोरात श्वास घेतला. मला वास आला, पण नुसता वास. आंबट आहे की कुबट, सकाळचा की दुपारचा, काही कळेना. शोषणाच्या जाणिवेवर मी दोन पानं लिहिली असती. आत बसलेली म्हातारी दोन शब्दांत जे सांगून मोकळी झाली, ते ओळखायला माझ्याकडे ना नाक होतं ना शब्द.

सोमवारी मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पानाचा इतिहास उघडला. तारीखवार सगळं होतं तिथे, ताईच्या चौदा ओळी, आणि त्यावर माझ्या नावाने मारलेली आडवी रेघ.

“तू खोडलंस त्याच दिवशी मला दिसलं होतं,” मॅडम म्हणाल्या.

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलं होतं ना. समासात.”

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीच. पण राग त्याहून मोठा होता. “मॅडम, माझं मला कधीतरी कळेल म्हणून तुम्ही थांबलात. तोपर्यंत तिचं वर्ष गेलं असतं. ती लिहायचीच थांबली होती. मी शिकावं म्हणून तिने का भरायचं?”

मॅडमनी इतिहासात ताईच्या शेवटच्या नोंदीची तारीख बघितली. मग म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. मला तिला फोन करायला हवा होता.” एवढंच. त्यांनी त्याच संध्याकाळी ताईला फोन केला. माझ्या आयुष्यात ‘बरोबर आहे तुझं’ म्हणणारी शिक्षिका ती एकच, तरी मी त्यांच्यावरचा तो राग अजून सोडलेला नाही. उत्तर न देणं ही चांगली पद्धत असेल. पण कुणाकडे वाट बघायला वेळ आहे आणि कुणाकडे नाही, हे बघितल्याशिवाय ती चांगली कशी?

मी ताईच्या ओळी परत आणल्या. ताईने त्या वाचल्या, स्वल्पविराम घातले आणि काम स्वतःच्या हातात घेतलं. माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची. बालवाडीच्या भिंतीवर तिने मोठं कॅलेंडर लावलं. मुलांना सोडायला-न्यायला येणाऱ्या आयांनी रोज त्यात वेळेसकट अक्षर टाकायचं, आंबटाणीला ‘आ’, करपटाणीला ‘क’, धुरटाणीला ‘धु’. आठव्या दिवशी भांडण लागलं. एकीने ‘क’ टाकला होता, दुसरी म्हणाली, ही धुरटाण. करपटाण ओली असते, धुरटाण कोरडी. तिसरी म्हणाली, दोन्ही एकच, तुमची नाकं वेगळी. पाऊण तास चाललं. ताई मध्ये न पडता लिहून घेत होती. शेवटी तिने विचारलं, “हे तुला कसं कळलं?” आणि त्या बाईने सांगितलं, “करपटाणीत माझ्या पोराचा आवाज बसतो, धुरटाणीत डोळे चोळतो.” मालाडवाल्याने बालवाडीची हजेरी कॅलेंडरशेजारी मांडली, तर करपटाणीच्या दिवशी गैरहजर मुलं जास्त. हे त्या इमारतीतही कुणी एकाने ओळखलेलं नव्हतं. प्रत्येकीला आपापलं मूल तेवढं माहीत होतं. त्या पाऊण तासात ‘सहमत’ कुणीही म्हणालं नाही.

अहवाल झाला तोवर सर परत आले होते. मॅडमनी गुण दिले होते, पण अंतिम सही सरांची. त्यांनी अहवाल चाळला आणि म्हणाले, “काम चांगलं आहे. भाषा तेवढी प्रमाण करा. हे आंबटाण वगैरे चालणार नाही, बाहेरचे परीक्षक बघतात. ‘दुर्गंधी प्रकार अ, ब, क’ असं करा.”

मी उभीच राहिले. माझ्याकडे पत्रक तयार होतं, डोक्यात, मथळ्यासकट.

“सर, असं केलं तर सही आज होईल?” ताईने विचारलं.

“लगेच.”

“करते मग.”

जिन्यात मी तिला अडवलं. “ताई, तुझे शब्द आहेत ते! मी खोडले तेव्हा केवढी...”

“तू मला न विचारता खोडलेस. हे मी खोडतेय.” ती माझ्याकडे बघून जरा हसली, त्या महिन्यात पहिल्यांदाच. “शब्द घरी आहेत गं. कुठे जात नाहीत. मला बालवाडी पाहिजे.”

मी टाइप केलं, ती सांगत गेली. आंबटाण म्हणजे प्रकार अ. करपटाण म्हणजे प्रकार ब. धुरटाणीच्या वेळी ती पुटपुटली, “कोरडी,” मग म्हणाली, “क.” माझ्या लढ्यात हरायला मी तयार होते. तिच्या लढ्यात मला मताचा अधिकारच नव्हता, आणि हे मला कुठल्याच पत्रकाने शिकवलं नव्हतं.

ताई पास झाली. जूनमध्ये तिला बालवाडीची जागा पक्की झाल्याचं कळलं आणि तिने पेढे दिले, मला एक जास्त.

त्याच सुमारास सरांनी आमचा अहवाल पोर्टलवर ‘उत्कृष्ट नमुना’ म्हणून लावला. त्यावर व्हिडिओ केला, त्यात ते तो वाचून दाखवतात. शेवटी पाच प्रश्न. ताईने तो बालवाडीच्या संगणकावर उघडला आणि मला दुपारी फोन केला. मागे बालवाडीतली मुलं ओरडत होती.

“अगं, दुसरा प्रश्न बघ. दुर्गंधी प्रकार ब केव्हा येते? सकाळी, दुपारी, संध्याकाळी, वरीलपैकी नाही.”

“करपटाण. कधी येईल सांगता येत नाही.”

“तेच ना. म्हणून मी वरीलपैकी नाही दाबलं.” ती हसत होती, पण हसता हसता तिचा आवाज चढला. “चूक म्हणतंय! बरोबर उत्तर दुपारी. आमच्या कॅलेंडरवर दुपारचे ‘क’ जास्त होते ना, म्हणून.”

“मग?”

“मग काय. पुन्हा प्रयत्न करा म्हणतंय.” आणि मग फोन कानापासून दूर धरून ती मुलांवर ओरडली, “ए, आत या सगळे! खिडकी लाव ती! आली, आली!” आणि फोन तसाच चालू राहिला.